सातवी पिन

बिदियात साडेबाराला शटर अर्धं खाली ओढतो आम्ही.
त्या अर्ध्या शटरखालून आधी तिच्या चपला दिसल्या,
मागे बंपर. चौऱ्याण्णवची लँड क्रूझर,
रंग एके काळी खारकेचा, आता खारकेच्या बीचा.

जुवैना बिंत खलफान. वरच्या वस्तीतल्या शाळेत गणित शिकवते.
गाडी बापाची. बाप शेजारच्या सीटवर,
मांडीवर काठी आडवी.
आमची भाषा निम्मी अरबी, निम्मी उर्दू, उरलेली हातवाऱ्यांची.

"उतारावर लो टाकते, तर ही आपसूक लॉक होते.
चारी चाकं एकाच हट्टाला पेटतात,
खडकावर वळण घेत नाही, टायर किंचाळतात.
मला लो हवा, लॉक नको.
वाळूत लॉक हवा, लो नको.
दोन्ही वेगवेगळं माझ्या हातात दे."

बाप म्हणाला, "कंपनीनं विचार करूनच केलं असेल."
"कंपनी आपल्या घाटात राहत नाही, बाबा."

मी चिपळूणचा.
कुंभार्ली उतरताना अश्फाकभाईच्या ट्रकाचे ब्रेक तापायचे,
तो वास अजून नाकात आहे.
शटर आणखी वर केलं.

डॅशबोर्डखाली उताणा, बॅटरी दातांत,
कानात वाळूचे कण, उरावर वायरींचं जंजाळ.
रिले सापडला. एक, दोन, तीन...
सातवी पिन समरच्या काट्याएवढी.
समर म्हणजे आपली बाभूळच,
इथं उंटांना सावली देते एवढंच.
या एका काट्यावरून जायचा हुकूम:
लो पडला रे पडला, लॉक कर.

कापायची नसते. उपसायची,
टेप गुंडाळून बाकीच्या वायरींच्या कुशीत निजवायची.
उद्या कुणाला गाडी पुन्हा आज्ञाधारक हवी झाली तर?

आता खटका कुठं बसवू?
स्टिअरिंगजवळ एक कोरी चकती होती,
बटणासारखी दिसणारी, मागे काहीच नसलेली.
म्हातारा खुदकन हसला.
"रुतलो की मी ही दाबायचो. बिस्मिल्ला म्हणून."
"फरक पडायचा?"
"कधी कधी."

चार वाजता वाळूवर नेली.
तिनं खटका दाबला. दिवा नुसता लुकलुकत राहिला.
"बिघडलं?"
"नाही. दाताला दात मिळावा लागतो.
वीतभर पुढे घ्या. आता वीतभर मागे."
आणि पायांखाली कुठंतरी
खट्.
दिवा ठरला. टेकडी चढताना गाडीनं हूं की चूं केलं नाही.

मग वादी बनी खालिदच्या वाटेला, कातळावर.
लो टाकला. दिवा विझलेला.
पहिलं वळण, कोपरावर दुमडलेल्या हातासारखं,
तिनं दोन बोटांनी घेतलं.

म्हातारा पुढची तीन वळणं बोलला नाही.
मग काचेकडे बघत म्हणाला,
"मला वाटायचं, माझे खांदे गेले."

तिनं ब्रेकवर पाय ठेवला, उगाचच;
रस्ता मोकळा होता.
मी मागच्या सीटवर
पक्कड या खिशातून त्या खिशात घातली.

बारा रियाल सांगितले, तिनं दहा दिले,
वर खजुरांचा डबा, दोरीनं बांधलेला.
जाताना बापानं ती कोरी चकती मागून घेतली,
दिशदाशाच्या टोकानं पुसली,
आणि अंगठा तिच्यावर ठेवून बसला,
गाडी फाट्यावर वळेपर्यंत तरी.